चाल

मी माणसांचे चेहरे बघत नाही, पाय बघतो.
मर्सी नदीच्या फेरीबोटीवर अठ्ठावीस वर्षं हेच काम:
दोर फेकायचा, फळी टाकायची, साखळी काढायची.
बर्कनहेडची माणसं लिव्हरपूलला, तिकडची इकडे.
कोणाची टाच झिजलीय, कोणाची रात्रीची अजून उतरायचीय,
सगळं फळी सांगते.

मंगळवारी सव्वाआठला तो यायचा.
ठप्. मग जरा उशिरानं, ओढून आणल्यासारखं, ठप्प.
मला वर बघावं लागलं नाही.
त्याचा उजवा खुबा, माझा डावा.
आरशासमोर उभं राहावं तसं.

सहाव्या वर्षी माझ्या खुब्यातल्या गोळ्याचं रक्त आटलं.
दुखायचा मात्र गुडघा.
महिनाभर आई गुडघ्यालाच मलम चोळत राहिली.
वडील म्हणाले, शाळा चुकवायची सोंगं.

मग खाडीकाठचं इस्पितळ.
दोन्ही पाय प्लास्टरात फाकवलेले, मधे झाडूचा दांडा.
मार्चच्या वाऱ्यातसुद्धा नर्सेस आमचे पलंग
व्हरांड्यात ढकलत न्यायच्या.
समोर खाडी, पलीकडे वेल्सचे डोंगर.
शेजारच्या पलंगावरचा इम्लिन
अंधार पडला की बोट दाखवायचा:
तो दिवा, ते आमचं स्वयंपाकघर.
रोज वेगळा दिवा.
मी कधी म्हटलं नाही त्याला.

चौदा महिन्यांनी उभं केलं मला.
हाड पुन्हा भरलं होतं, पण स्वतःच्या मर्जीनं,
अळंबीच्या टोपीसारखं चपटं.
पाय पाऊण इंच आखूड.
शाळेत बदक म्हणायचे. बदकाला निदान पोहता येतं.

बाकी ठीक चाललं. लग्न झालं, मुलगी झाली.
बुटाचा डावा तळ चांभार वाढवून देतो,
पाऊस यायचा असला की खुबा रेडिओच्या आधी सांगतो.
डावा मोजा नेरिस घालते.
पूर्वी चिडवायची घालताना, आता नुसती घालते.
मुलगी म्हणते, बाबा, बेल वाजवू नकोस,
जिन्यावर तुझी चाल ऐकू येते.
आणि भरतीला बोट हलली की
सगळेच प्रवासी डुलत चालतात.
तेवढा वेळ मी डेकवर सरळ.

आम्ही बोललो नाही कधी. मान हलवायची, बस.
एकदा फळीवर बर्फ होता, मी हात पुढे केला.
त्यानं घेतला नाही.
मीही घेतला नसता.

सप्टेंबरपासून तो दिसेना.
डिसेंबरातल्या एका मंगळवारी फळी वाजली,
ठप् ठप् ठप् ठप्,
आणि मी वर बघितलंच नाही.
माणूस पुढे निघून गेल्यावर पाठ ओळखीची वाटली.
मला आनंद व्हायला हवा होता.
झालाही, पण दुपारनंतर.
आधी वाटलं, फितूर.

माझ्याही खिशात पत्र आहे.
एकोणीस जानेवारी, सकाळी सात, उपाशीपोटी.
सर्जनबाई म्हणाल्या, फार थांबलात हो.
वीस वर्षं इथलीच माणसं सांगत होती,
अजून तरुण आहात, थांबा.
घरी म्हटलं, मी तर एका पायावर तयार आहे.
नेरिस हसली नाही.

संध्याकाळच्या फेरीत तो कठड्यापाशी आला.
"दुखत नाही आता," म्हणाला. "खरंच नाही."
मग बराच वेळ पाण्याकडे बघत राहिला.
"कुबड्या सुटल्या त्या दिवशी जिना चढलो,
आणि आतून कुत्रं भुंकलं.
आमचंच. अकरा वर्षांचं."

"मग?"

"मग काय. दारात उभा राहून
त्याला माझं नाव सांगितलं."

धक्का जवळ आला होता.
मला दोर फेकायचा होता.